हाकेचं गाणं

म्हाताऱ्या गृहस्थांच्या चष्म्याची काडी कुंदन कानामागे नीट बसावी म्हणून जराशी वळवत होता, तेवढ्यात काउंटरवरचा त्याचा फोन थरथरला आणि त्यावर राजचं नाव आलं. काडी त्याच्या हातात मोडली. "अहो, हे काय केलंत?" गृहस्थ उघड्या, पाणावलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत म्हणाले, आणि कुंदनने माफी मागितली, नवी काडी लगेच बसवून देतो म्हणाला. पण त्याचं लक्ष फोनकडेच होतं. राजशी शेवटचं बोलून चौदा महिने झाले होते. या चौदा महिन्यांत नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या या चष्म्याच्या दुकानात बसून त्याने शेकडो लोकांच्या नाकावर चष्मे चढवले होते आणि आरसा पुढे धरून "दिसतंय ना नीट?" असं विचारलं होतं. राजचं घर इथून तीन चौक पुढे. तरी रस्त्यात एकदाही गाठ पडली नाही, कारण तो चौक टाळून कुंदन मागच्या गल्लीने येत-जात होता. फोन वाजून बंद झाला आणि परत वाजायला लागला. तो उचलून कुंदन मागच्या खोलीत गेला. तिथे काच घासायचं यंत्र घरघरत होतं.

"कुंदन? मी राज."

"हं."

"कसा आहेस? दोनच मिनिटं घेतो. 'उठ गं' पाहिजे म्हणून एका कंपनीचा फोन आलाय. गाद्या बनवतात ते. जाहिरातीत घेणार, टीव्हीवर, सगळीकडे. एक माणूस गादीवर इतका गाढ झोपलाय की कोणी कितीही हाका मारल्या तरी उठत नाही, आणि मग आपलं गाणं सुरू होतं. एकदम फिट बसतंय यार. पण तिघांची संमती लागते. आज पाचपर्यंत कळवायचंय."

कुंदनच्या बोटांची टोकं गार पडली. हा गारठा त्याच्या ओळखीचा होता, चौदा महिन्यांनी तो नेमक्या त्याच जागी परत आला. "सायली काय म्हणते?" त्याने विचारलं.

"ती म्हणते शब्द कुंदनचे आहेत, तो म्हणेल ते." राज थोडा थांबला. "आपलं जे झालं ते झालं. पण एवढं तरी कर. कारण न सांगता सगळं मोडलंस तू, आता निदान हे तरी मोडू नकोस."

पाचपर्यंत सांगतो म्हणून कुंदनने फोन ठेवला आणि तो यंत्रापाशी तसाच उभा राहिला. शब्द कुंदनचे. तीन वर्षं सगळे असंच म्हणत आले होते, सगळ्या ठिकाणी तसंच छापूनही आलं होतं, आणि त्याने कधी कोणाला दुरुस्त केलं नव्हतं. सायखेड्याच्या रस्त्यावर राजच्या वडिलांचं ठिबकच्या पाइपांचं गोदाम होतं. काळ्या पाइपांची वेटोळी छतापर्यंत रचलेली असायची आणि त्यांत आवाज असा मुरून जायचा की बाहेरच्या रखवालदारालाही नीट ऐकू येत नसे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्या तिघांनी तिथे वाजवायला सुरुवात केली. राज गिटार वाजवायचा आणि गायचा. त्याचे वडील सायखेड्याचे, शेती सांभाळून धंद्यात शिरलेले, आणि पोराने असलं काही करावं हे त्यांना आवडत नव्हतं, पण गोदामाची किल्ली मात्र ते देत. सायली ड्रमवर. ती घोटीची, घरची भातगिरणी. पट्ट्यावर फिरणाऱ्या चाकांचा ठेका आपण पाळण्यात असल्यापासून ऐकतोय असं ती सांगायची आणि वाजवताना जीभ दातांखाली धरायची. कुंदन बेस गिटार वाजवायचा. बँडला नाव त्यानेच दिलं, चारी नंबर नऊ. मखमलाबादला कुंदनच्या घरच्या मळ्याच्या बांधाला लागून कालव्याची जी चारी जाते, तिच्या दगडावर हा आकडा रंगवलेला आहे. राजला नाव आवडलं, त्याचा अर्थ मात्र सायलीने विचारला. तिला सगळ्याच गोष्टींचा अर्थ विचारायची सवय होती.

गाणं मात्र अर्थ विचारायच्या आधीच झालं. एका दुपारी सायली एक ठेका धरून बसली होती. त्यात चौथ्या मात्रेवर ती हात उचलून धरायची आणि तिथे एक खड्डा पडायचा. कुंदनच्या तोंडून त्या खड्ड्यात आपोआप पडलं, "उठ गं." पुढच्या फेरीला, "उठ गं, कळ्या उमलून जातील." राजने मान वर केली, ती ओळ उचलली, वरच्या सुरात नेली, आणि तासाभरात गाणं उभं राहिलं. तिघंही घामाने निथळत हसत होते. इतकं चांगलं त्यांनी त्याआधी काही केलं नव्हतं, आणि ते तिघांनाही एकदमच कळलं. सायलीने पाणी पिता पिता विचारलं, "ही कोण रे, जिला उठवतोयस?" कुंदन म्हणाला, "कोणी नाही. अशीच."

मोगरा तोडायचा तो उजाडायच्या आत. कळी एकदा उमलली की गजऱ्याला चालत नाही, फुलबाजारात तिच्याकडे कोणी बघत नाही. कुंदनचे वडील भिमाजी आदल्या दिवशीचा भाजीपाला घेऊन पहाटेच बाजाराला निघून जात, आणि मग त्याची आई नवसाबाई दारात उभी राहून पोरीला हाक मारी. मनीषा, कुंदनपेक्षा दोन वर्षांनी मोठी, झोपेची दांडगी. "उठ गं, कळ्या उमलून जातील." रोज तीन हाका, तिसऱ्या हाकेत चिडचिड. अकरा वर्षांपूर्वीच्या श्रावणात एका पहाटे मनीषा तीन हाकांनाही उठली नाही. चौथ्यांदा आईने हाक मारली तेव्हा पंधरा वर्षांच्या कुंदनने हसत हसत तिची गोधडी ओढून घेतली. तिचा पाय त्याच्या हाताला लागला होता. गरम होता. ते त्याला तेव्हाच कळलं होतं का, की पुढे सगळं झाल्यावर त्याने ते स्वतःशी रचलं, हे त्याला आता सांगता आलं नसतं. पण हाताला ती ऊब अजून होती, आणि बेसच्या गार तारेवर बोट ठेवलं की ती जास्तच जाणवायची. मनीषा उठली. काहीही न बोलता तिने दोन ओळी तोडल्या आणि मग बांधावर जाऊन बसली. डेंग्यू निघाला. पाचव्या दिवशी ती गेली. त्यानंतर आईने घरात ती ओळ कधी उच्चारली नाही, पण मळ्यात, मोगऱ्याच्या ओळींमधून वाकून जाताना, पाठीमागे कोणी नाही असं समजून, ती हळूच म्हणायची. कुंदनने कितीदा तरी ऐकलं होतं. पुढच्या ओळीत तो गुडघ्यांवर बसून राहायचा, तिला दिसू नये म्हणून.

ते त्याने उचललं आणि लोकांत वाटून टाकलं. असा विचार सुरुवातीला आला नाही. सुरुवातीला उलट बरंच वाटलं. कॉलेजच्या गॅदरिंगला पोरं नाचली. मग शहराबाहेरच्या द्राक्षबागेत एक महोत्सव झाला, तिथे कोणीतरी केलेला व्हिडिओ दहा दिवसांत कुठच्या कुठे गेला. मग पुणे, मुंबई, इंदूर, बंगळुरू, सगळीकडे कार्यक्रम. मराठीचा गंध नसलेली माणसं "उठ गं" म्हणत हात वर करायची. आईची ती हाक, जिच्यात इतकी वर्षं काहीतरी सडत पडलं होतं, ती इतक्या तोंडांतून निघून धुतली जातेय, तिला ऊन लागतंय, असं त्याला वाटायचं, आणि तो मान खाली घालून वाजवत राहायचा. राज त्याच्या कानात ओरडायचा, "बघ, बघ त्यांच्याकडे!" सायली मागून हसायची. ते वर्ष सुखाचं गेलं, हे नंतर सगळं बिघडल्यावरही त्याला कधी नाकारता आलं नाही. कुठल्यातरी ढाब्यावर तिघं एकाच ताटात जेवलेत, गाडीत एकमेकांच्या खांद्यावर झोपलेत, राजने वडिलांशी झालेलं भांडण शब्दनशब्द सांगितलंय, सायलीने घोटीला तिला बघायला आलेल्या मुलाची नक्कल केलीय. त्यांनी आपलं सगळं त्याच्यापुढे ओतलं होतं. त्याने काय दिलं? मळ्यातल्या गमती, वडिलांच्या म्हणी. आणि बहीणभाऊ किती, असं कोणी विचारलंच तर, एकटाच.

पुण्यात राजला ते सुचलं. गाण्याच्या मध्यावर त्याने हात वर करून वादन थांबवलं आणि माइकवर म्हणाला, "सगळे खाली बसा. अजून खाली. झोपा सगळे, मेल्यासारखे पडा!" दोन-अडीच हजार पोरं हसत, एकमेकांच्या अंगावर पडत जमिनीवर आडवी झाली. ऊन उतरत होतं. मैदानभर पडलेली माणसं. सायलीने ड्रमच्या थाळीवर हलकं घुंगरासारखं वाजवत ठेवलं, राजने श्वास घेतला आणि "उठ!" म्हणून ओरडला, आणि ते सगळे एकदम उसळून उभे राहिले. कुंदनच्या बोटांची टोकं पहिल्यांदा तेव्हा गार पडली. त्याने समोर बघणं सोडलं आणि सायलीचा पाय ड्रमच्या ज्या पेडलवर होता तिच्याकडे बघत गाणं पुरं केलं. उतरल्यावर राजने त्याला मिठी मारली. "कसलं झालं यार!" आणि कुंदन म्हणाला, "भारी." तो एक शब्द त्याने का काढला असेल? तिथेच राजचा दंड धरून बाजूला घ्यायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे सुरुवातीपासून सांगायचं, आणि सुरुवातीला ती गोधडी होती. मग प्रत्येक ठिकाणी तसंच झालं, लोक त्यासाठीच यायला लागले, आणि यादीत ते गाणं सातवं असलं तर पहिल्या गाण्यापासूनच तो मोजायला लागायचा. आता सहा राहिली, आता चार, आता पुढचं. एकदा इंदूरला त्याने हळूच सुचवलं, हे गाणं थोडे दिवस बाजूला ठेवू या का? राज हसला. त्याला ती गंमत वाटली.

मग योगेशची हळद आली. योगेश त्याचा चुलतभाऊ, मांडव मळ्याच्याच टोकाला. भर दुपारी डीजे लागला आणि डीजेवाल्याने हौसेने ते गाणं लावलं. भिमाजी जवळच्या माणसांना अभिमानाने सांगत होते, "आमच्या कुंदनचं हाय हे!" पहाटे ते कधी घरी नसत, त्यांना ओळ ओळखू येण्याचं कारण नव्हतं. आई स्पीकरपासून हातभर अंतरावर हळदीचं ताट घेऊन उभी होती. नाचणाऱ्या बायका, पोरं, सगळी नेमकी त्या जागी खाली बसली, काही मांडवातल्या सतरंजीवर आडवी झाली, ती आता सगळ्यांना पाठच होती रीत, आणि आई तेवढी एकटी मध्ये उभी राहिली. मग ते सगळे उठले आणि त्यांच्यात ती दिसेनाशी झाली. संध्याकाळी तिने कुंदनला जेवायला वाढलं. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, महिन्यानेही नाही. पहाटे मळ्यात जायला कुंदनचे पाय धजेनात. ती आता ओळींमधून मुकीच फिरत असणार, जे तिचं एकटीचं होतं तेही आपण बाजारात मांडलं आणि तिचा आवाज गेला, हे त्याने मनाशी पक्कं धरलं होतं, आणि ते खरं आहे का हे जाऊन ऐकण्याची त्याची छाती नव्हती. रात्री कार्यक्रमाहून उशिरा आलो, अंग दुखतंय, असली कारणं देऊन तो अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडायचा.

नाशिकच्या कार्यक्रमात राजने "मेल्यासारखे पडा" म्हटलं आणि कुंदनने पट्टा खांद्यावरून काढला, बेस खाली ठेवला आणि चालायला लागला. पाठीमागे गिटार थोडा वेळ एकटीच वाजत राहिली. सायलीने काठ्या खाली ठेवल्याचं त्याला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी गोदामात तिघं पाइपांच्या वेटोळ्यांवर बसले. राजचा चेहरा पांढरा पडला होता. "कारण सांग," तो म्हणाला, "आपल्या गावात, आपल्या माणसांसमोर. नुसतं कारण सांग." कुंदन म्हणाला, गाणं घाण झालंय. "तूच लिहिलंस ना?" राज म्हणाला. सायली कुंदनच्या समोर येऊन उकिडवी बसली आणि अगदी हळू म्हणाली, "काहीतरी खरं बोल ना, कुंदन. काहीही." त्याने तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं, नाव, ती पहाट, सगळं. आणि तो म्हणाला, "कंटाळा आला." सायलीने उठून एकेक करून थाळ्या पिशवीत भरल्या. बँड तिथे संपला. लोकांनी अहंकार, पोरगी, दारू, अशी बरीच कारणं लावली. राज एकटा गायला लागला, पण जमलं नाही. सायली घोटीला परत गेली.

"नवी काडी मिळाली का हो?" बाहेरून गृहस्थांनी विचारलं. कुंदनने काडी बसवली, या खेपेला दोन्ही हात टेबलाला टेकवून, आणि मग मालकांना सांगितलं, घरी जाऊन यावं लागतंय. दीड वाजला होता. मेच्या उन्हात स्कूटरची सीट भाजत होती. वाटेत त्याने तीनदा ठरवलं की राजला 'हो' कळवून टाकावं. एका अक्षराचं काम, आणि मग राजचं देणं तरी फिटेल, निदान तेवढं. तीनदाच त्याला तो गादीवरचा माणूस दिसला, ज्याला कितीही हाका मारल्या तरी उठायचं नाही.

नवसाबाई आंब्याच्या सावलीत कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसली होती. "एवढ्या उन्हात? बरं वाटत नाय का?" तिने न थांबता विचारलं. कुंदन तिच्यापुढे बसला आणि त्यानेही एक मूठ उचलली. दोन-तीन जुड्या झाल्या. मग त्याने मान वर न करता गादीच्या जाहिरातीचं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाला, "ती ओळ तुझी आहे, आई. मी विचारलं नव्हतं."

आईचे हात थांबले. "नाय विचारलं," ती म्हणाली.

"हळदीत तू ऐकलंस. तेव्हापासून तू ते म्हणायची बंद झालीस."

"कोण म्हणतं?" तिने त्याच्याकडे बघितलं. "आजबी म्हणले. तू येतोस कुठं पहाटे? दीड वर्ष झालं, मळ्यात पाय नाय तुझा. तुला ऐकू कसं येणार?"

कुंदनच्या हातातली जुडी तशीच राहिली. एवढे महिने तो जिच्या मुकेपणापासून तोंड चुकवत होता, ती इथे रोज बोलत होती, आणि तो शंभर पावलांवर अंथरुणात जागा होता.

"मांडवात लय टोचलं," आई म्हणाली. "तुझ्यावर राग नाय. ते सगळे एका हाकेवर उठले ना, त्याचं. मनीषाबी उठली होती रे. अंगात एवढा ताप, पण मी हाक मारली म्हणून उठली. नसती उठली तर मी कपाळाला हात लावून बघितला असता. उठली तिथंच चुकलं." तिने सुतळीचा तुकडा दातांनी तोडला. "म्हणून म्हणते मी ते. आपण काय केलं ते इसरू नये म्हणून."

"गोधडी मी ओढली होती," कुंदन म्हणाला. त्याचा आवाज त्याला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. "तिचा पाय गरम लागला होता मला."

"मला माहीत हाय. मी दारातच होते."

चारीला पाणी नव्हतं. पलीकडे कोणाचा तरी पंप चालू होता, तो थांबला आणि परत सुरू झाला. आईने पुढे होऊन त्याच्या हातातली जुडी काढून घेतली, नीट बांधली आणि ढिगावर ठेवली. मग ती म्हणाली, "तरण्या पोरांनी नाचू दे त्याच्यावर. त्याला माझं काय नाय. पण गादी इकायला नको. आणि त्या दोघांना हे माहीत हाय का?"

"नाही."

"त्यांना वाटलं असंल ना, नुसतंच गाणं हाय. ती पोरगी माझ्या हातची भाकर खाऊन गेली इथं दोनदा. परकं केलंस तू त्यांना." तिने कोथिंबिरीचे हात लुगड्याला पुसले. "सांग आत्ता."

साडेतीन वाजले होते. राजने फोन उचलला आणि लगेच म्हणाला, "बोल, हो ना?" कुंदनने नाही म्हटलं आणि राज काही बोलायच्या आत, जसं येईल तसं, उलटसुलट, सगळं सांगितलं. मनीषाचं नाव घराबाहेरच्या माणसापाशी त्याने अकरा वर्षांत पहिल्यांदा घेतलं. सांगून झाल्यावर फोन कटला की काय म्हणून कुंदनने तो कानापासून दूर धरून बघितला.

"मी त्यांना मेल्यासारखे पडा म्हणायचो," राज म्हणाला. "चाळीस वेळा तरी म्हटलं असेन. हसत. आणि तू माझ्या शेजारी उभा राहून वाजवत होतास."

"हो."

"पुण्यात मी तुला मिठी मारली. तू भारी म्हणालास."

"हो."

"एकदा माझा हात धरला असतास ना, कुंदन." त्याचा आवाज चिरकला. "बहिणीच्या आठवणीचं तू काय केलंस ते तुझं तू बघ. पण माझ्याकडून काय करून घेतलंस?" आणि फोन बंद झाला.

कुंदन बांधावर उभा राहिला. या खेपेला बोटं गार पडली नव्हती. ते चांगलं की वाईट, हे त्याला समजेना. आई पाटी उचलायला वाकली होती. तिने विचारलं, "काय म्हणाला?"

"चिडला. रडत होता बहुतेक."

"चिडणारच. घरी बोलाव दोघांना."

"येणार नाहीत ते, आई."

"ते त्यांनी ठरवायचं. तू नको ठरवू." पाटीचा एक कान तिने स्वतः धरला आणि दुसरा त्याच्यापुढे केला, मग त्याच्याकडे बघून तिने पाटी परत खाली ठेवली आणि तिथेच बसून राहिली, घाई नसल्यासारखी.

कुंदनने पुन्हा राजचा नंबर लावला. पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. पलीकडून कोणी बोललं नाही, नुसता श्वास ऐकू येत होता, नाक भरल्यासारखा. काय बोलायचं हे कुंदनला अजून ठाऊक नव्हतं. त्याने बोलायला सुरुवात केली.